प्राचलयुक्त विधान

प्राचलयुक्त विधान किंवा पॅरामीटराइज्ड स्टेटमेंट म्हणजे डेटाबेसला दिली जाणारी अशी आज्ञा, जिच्यात बदलत्या मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि ती मूल्ये आज्ञेच्या मजकुरात न मिसळता स्वतंत्रपणे पुरवली जातात. मोकळ्या जागेच्या खुणेला स्थानधारक, पुरवलेल्या मूल्याला प्राचल आणि मूल्य त्या जागेशी जोडण्याच्या क्रियेला बांधणी किंवा बाइंडिंग म्हणतात. असे विधान डेटाबेस सर्व्हरने आधी तपासून तयार ठेवले असेल, तर त्याला पूर्वसिद्ध विधान किंवा प्रिपेअर्ड स्टेटमेंट असे नाव आहे. या दोन्ही संज्ञा पुष्कळदा एकाच अर्थाने वापरल्या जातात. मात्र पहिली संज्ञा विधानाच्या रचनेविषयी आहे, तर दुसरी सर्व्हरवरील त्याच्या आयुष्याविषयी. प्राचलयुक्त विधान एकदाच वापरून टाकून देता येते. पूर्वसिद्ध विधान पुन्हा पुन्हा चालवण्यासाठी राखून ठेवले जाते.

एसक्यूएल इंजेक्शन या सुरक्षादोषावरील मुख्य उपाय म्हणून प्राचलयुक्त विधाने ओळखली जातात. हा उपाय कितपत सोयीचा आणि निर्धोक ठरतो, हे बव्हंशी प्रोग्रामर वापरत असलेल्या क्लायंट लायब्ररीवर अवलंबून असते. विधानाचा मजकूर व त्याची मूल्ये ही जोडी लायब्ररी कोणत्या रूपात हाताळते, त्यावर प्रोग्रामरला योग्य मार्ग सोपा वाटतो की अवघड, हे ठरते.

## पार्श्वभूमी

एखाद्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आडनावावरून विद्यार्थी शोधण्याची सोय आहे, असे समजू. त्यासाठी डेटाबेसला पुढील विधान पाठवावे लागते. (या लेखातील उदाहरणांत एसक्यूएलचे आज्ञाशब्द देवनागरीत दाखवले आहेत.)

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = 'पाटील'

आडनाव वापरकर्ता टंकित करतो. म्हणून विधानाचा आधीचा भाग, टंकित केलेले आडनाव आणि शेवटचे अवतरणचिन्ह असे तीन तुकडे जोडून विधान तयार करणे ही सर्वांत सोपी वाटणारी पद्धत होय. 'पाटील' किंवा 'जाधव' या आडनावांना ती चालते. गोव्यात आणि वसई परिसरात आढळणारे डि'सोझा किंवा डि'मेलो यांसारखे आडनाव लोपचिन्हासह आले, की ती मोडते. आडनावातील लोपचिन्हालाच डेटाबेस मजकुराचा शेवट समजतो आणि उरलेला 'सोझा' हा भाग त्याला व्याकरणात न बसणारा शब्द वाटतो. परिणामी विधान त्रुटी देऊन थांबते.

येथे वापरकर्त्याचा कोणताही वाईट हेतू नव्हता. परंतु याच फटीचा हेतुपुरस्सर उपयोग करता येतो. आडनावाच्या जागी कोणी क्ष' ऑर '१' = '१ असा मजकूर टंकित केला, तर तयार होणारे विधान असे असेल:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = 'क्ष' ऑर '१' = '१'

यातील शेवटची अट नेहमीच सत्य असल्यामुळे सर्व विद्यार्थ्यांची माहिती बाहेर पडते. येथे मूल्याने मूल्य म्हणून असलेली मर्यादा ओलांडून आज्ञेचे रूप घेतले आहे. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. निष्पाप आडनावामुळे येणारी त्रुटी आणि हल्लेखोराने केलेली चोरी या दोहोंचे मूळ एकच आहे: आज्ञा व मूल्य यांतील सीमारेषा एकाच मजकुरात विरघळून जाणे.

प्राचलयुक्त रूपात हेच विधान पुढीलप्रमाणे लिहितात:

सिलेक्ट नाव, गुण फ्रॉम विद्यार्थी व्हेअर आडनाव = ?

आडनाव या विधानासोबत, पण त्याच्या बाहेर पाठवले जाते. त्यात लोपचिन्ह असो वा आणखी काही, डेटाबेस ते केवळ तुलनेचे मूल्य मानतो.

## इतिहास

आज्ञा व मूल्ये वेगळी ठेवण्याची कल्पना एसक्यूएलइतकीच जुनी आहे. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेत या भाषेचे पहिले रूप मांडले. तेथील सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसमध्ये पीएल/वन आणि कोबोल या भाषांतील प्रोग्रामांत एसक्यूएल विधाने थेट लिहिता येत. प्रोग्राममधील चले विधानात विशिष्ट खूण करून वापरली जात आणि विधानांचे संकलन प्रोग्राम चालण्यापूर्वीच होत असे. त्यामुळे मूल्याने विधानाची रचना बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्या काळी या पद्धतीमागील प्रेरणा सुरक्षेची नसून वेगाची व सोयीची होती.

प्रोग्राम चालू असताना विधान तयार करण्याची गरज वाढू लागली, तशी गतिक एसक्यूएलची तरतूद झाली. १९९२ च्या एसक्यूएल मानकात विधान तयार करण्यासाठी 'प्रिपेअर', ते चालवण्यासाठी 'एक्झिक्यूट' या आज्ञा आणि स्थानधारक म्हणून प्रश्नचिन्ह यांचा समावेश आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी हा इंटरफेस आणला. त्यात विधान तयार करणे, प्राचल बांधणे व विधान चालवणे यांसाठी स्वतंत्र फलने होती. पर्ल भाषेसाठी डीबीआय १९९४ मध्ये, जावासाठी जेडीबीसी १९९७ मध्ये आणि पायथॉनसाठी डीबी-एपीआयची दुसरी आवृत्ती १९९९ मध्ये आली. या सर्वांत प्राचल पुरवण्याची सोय होती.

डेटाबेस सर्व्हरकडून मिळणारा आधार मात्र सर्वत्र एकाच वेळी आला नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'प्रिपेअर' ही आज्ञा २००२ सालच्या ७.३ आवृत्तीत आणि संदेशवहनाच्या पातळीवरील बांधणी २००३ सालच्या ७.४ आवृत्तीत आली. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरवरील पूर्वसिद्ध विधाने ४.१ आवृत्तीपासून उपलब्ध झाली. ती आवृत्ती २००४ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी प्रसिद्ध झाली. संकेतस्थळांच्या पहिल्या लाटेत पीएचपी आणि मायएसक्यूएल ही जोडी लोकप्रिय होती. त्या काळातील असंख्य प्रोग्राम आणि पाठ्यसाहित्य मजकूर जोडण्याच्या पद्धतीवरच उभे राहिले, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पीएचपीमध्ये पीडीओ हा सामाईक इंटरफेस २००५ सालच्या ५.१ आवृत्तीपासून अंतर्भूत झाला.

दरम्यान, डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकाच्या ५४ व्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाने लिहिलेल्या लेखात एसक्यूएल विधानांत आगंतुक मजकूर घुसवण्याच्या पद्धतीचे वर्णन केले. हा या दोषाचा पहिला जाहीर ऊहापोह मानला जातो. त्यानंतर प्राचलयुक्त विधानांकडे वेगाच्या साधनाऐवजी सुरक्षेचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले.

## कार्यपद्धती

डेटाबेसला विधान मिळाल्यावर तो प्रथम त्याचा पदच्छेद करतो, म्हणजे शब्द व चिन्हे वेगळी करून त्यांचा व्याकरणवृक्ष तयार करतो. त्यानंतर तक्ते व स्तंभ अस्तित्वात आहेत का, हे तपासतो. माहिती कोणत्या मार्गाने शोधायची याची योजना आखतो आणि शेवटी ती योजना अमलात आणतो. प्राचलयुक्त विधानात व्याकरणवृक्ष तयार होताना स्थानधारकाच्या जागी 'येथे एक मूल्य येईल' एवढीच नोंद होते. मूल्य पोहोचते तेव्हा वृक्षाची रचना निश्चित झालेली असते. मूल्याचा पदच्छेद कधीच होत नसल्यामुळे त्यातील कोणतेही चिन्ह आज्ञा बनू शकत नाही. ही हमी चिन्हे गाळण्यावर किंवा शंकास्पद शब्द ओळखण्यावर अवलंबून नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलच्या विस्तारित संदेशवहनात हे टप्पे स्पष्ट दिसतात. क्लायंट 'पार्स' या संदेशातून विधानाचा मजकूर, 'बाइंड' या संदेशातून मूल्ये आणि 'एक्झिक्यूट' या संदेशातून अंमलबजावणीची सूचना पाठवतो. 'सिंक' हा संदेश फेरी पूर्ण करतो. हे संदेश एकामागोमाग एकाच खेपेत पाठवता येतात. एसक्यूलाइट ही लायब्ररी प्रोग्रामच्या आतच चालते. तिच्यात संदेशवहन नसले तरी विधान तयार करणे, मूल्य बांधणे, एकेक ओळ मिळवणे, विधान पूर्वस्थितीला आणणे आणि ते निकाली काढणे असा तोच क्रम असतो.

## क्लायंट लायब्ररीतील निरूपण

### मजकूर आणि मूल्यांची यादी

सर्वांत साध्या निरूपणात लायब्ररीच्या फलनाला दोन गोष्टी दिल्या जातात: स्थानधारकांसह विधानाचा मजकूर आणि मूल्यांची यादी. पायथॉनमधील डीबी-एपीआय ही पद्धत अनुसरते. लहान विधानांसाठी ती पुरेशी आहे. विधान लांबले की मजकुरातील स्थान व यादीतील क्रम यांचा मेळ प्रोग्रामरला डोळ्यांनी राखावा लागतो. मध्येच एक अट वाढवली आणि मूल्य चुकीच्या जागी घातले, तर दोन्ही मूल्ये एकाच प्रकारची असल्यास त्रुटी येत नाही; चुकीचे उत्तर मात्र येते.

### विधान-वस्तू

जेडीबीसीमध्ये विधान ही एक वस्तू असते. प्रत्येक मूल्य तिच्यावर क्रमांकानुसार आणि प्रकारानुसार वेगवेगळ्या फलनाद्वारे बांधले जाते. हे क्रमांक ० पासून नव्हे, तर १ पासून सुरू होतात. ही वस्तू एका जोडणीशी बांधलेली असते, तिच्यात आधी बांधलेली मूल्ये टिकून राहतात आणि काम संपल्यावर ती बंद करावी लागते. पुनर्वापरासाठी हे सोयीचे असले, तरी जोडणी मिळण्यापूर्वी विधान रचणे किंवा विधानाचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी तयार करून एकत्र करणे यासाठी ही रचना अडचणीची ठरते.

### तुकड्यांची माळ

तिसऱ्या पद्धतीत विधान हे जोडणीपासून स्वतंत्र आणि अपरिवर्तनीय मूल्य मानले जाते. त्यात मजकुराचे तुकडे आणि प्राचले आळीपाळीने ओवलेली असतात. प्राचलांची संख्या तीन असेल तर तुकड्यांची संख्या चार असते. सर्वसाधारणपणे तुकडे प्राचलांपेक्षा एकने अधिक असतात. स्थानधारकाचे चिन्ह या रूपात लिहिलेलेच नसते. विधान पाठवण्याच्या क्षणी लायब्ररी तुकड्यांच्या सांध्यांत त्या त्या डेटाबेसचे चिन्ह घालते.

या निरूपणाचा मुख्य लाभ जुळणीत आहे. शोधपृष्ठावर शहर, वर्ष आणि विषय अशा तीन ऐच्छिक अटी असतील, तर प्रत्येक अट लहान विधान म्हणून स्वतंत्रपणे तयार करता येते. दोन विधाने जोडताना पहिल्याचा शेवटचा तुकडा व दुसऱ्याचा पहिला तुकडा एकत्र होतात आणि प्राचलांच्या याद्या त्याच क्रमाने एकापुढे एक येतात. क्रमांक आधीच लिहिले असते, तर दोन्ही तुकड्यांत $1 आले असते आणि जोडताना दुसऱ्याचे क्रमांक बदलावे लागले असते. क्रमांकन शेवटपर्यंत लांबवल्याने हा प्रश्न मिटतो. तीन तुकडे कोणत्याही गटाने जोडले तरी उत्तर एकच येते आणि रिकामे विधान जोडल्याने काही बदलत नाही. गणिताच्या भाषेत ही रचना मोनॉइड आहे.

### मूल्यांचे प्रकार

मूल्यासोबत त्याचा प्रकारही कळवावा लागतो. पूर्णांक, दशांश संख्या, दिनांक, बाइटमाला आणि मजकूर यांचे रूप डेटाबेसगणिक वेगळे असते. रकमेसारखी दशांश संख्या तरंगत्या बिंदूच्या रूपात पाठवली, तर अचूकता गमावली जाऊ शकते. मूल्य नसल्याची नोंद, म्हणजे 'नल', हा विशेष विषय आहे. 'आडनाव = ?' या अटीत नल बांधले तर अट कधीच सत्य होत नाही, कारण एसक्यूएलमध्ये नलची कोणाशीही केलेली तुलना अज्ञात ठरते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये क्लायंटने प्रकार न कळवल्यास सर्व्हर संदर्भावरून तो ठरवतो. संदर्भ अपुरा असेल तर मजकुरात प्रकाराचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो.

मराठी मजकुराच्या दृष्टीने मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचे उदाहरण उल्लेखनीय आहे. तेथे विधानाच्या मजकुरातच देवनागरी शब्द अवतरणचिन्हांत लिहिला आणि त्यापूर्वी युनिकोडदर्शक एन हे अक्षर लावले नाही, तर डेटाबेसचे कोलेशन यूटीएफ-८ प्रकारचे नसल्यास अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जातात. तोच शब्द युनिकोड प्रकारचे प्राचल म्हणून युनिकोड स्तंभात पाठवल्यास अबाधित राहतो. याची उलट बाजूही आहे. बिगर-युनिकोड स्तंभाशी युनिकोड प्राचलाची तुलना केल्यास स्तंभाचे रूपांतर करावे लागते आणि सूचीचा पुरेसा उपयोग होत नाही. म्हणून त्या डेटाबेसच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये मजकूर युनिकोड म्हणून पाठवावा की नाही, हे ठरवण्याची सोय आहे.

## स्थानधारकांच्या पद्धती

स्थानधारकांच्या खुणांत एकवाक्यता नाही. प्रचलित पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:

- प्रश्नचिन्ह: ओडीबीसी, जेडीबीसी, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट. जागा क्रमाने ओळखली जाते.
- डॉलरचिन्ह व क्रमांक: पोस्टग्रेएसक्यूएल. $1 हे एकाच विधानात अनेकदा वापरता येते.
- विसर्गासारखे अपूर्णविराम चिन्ह व नाव, उदा. :आडनाव. ओरॅकलमध्ये ही पद्धत रूढ आहे.
- @ चिन्ह व नाव: मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर.
- टक्केचिन्हावर आधारित खुणा: पायथॉनमधील काही लायब्ऱ्या.

पायथॉनच्या डीबी-एपीआयने या विविधतेला मान्यता देऊन पाच शैली नोंदवल्या आहेत आणि प्रत्येक लायब्ररीने आपली शैली जाहीर करावी असे सांगितले आहे. त्यामुळे एका डेटाबेससाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याला जसाच्या तसा चालेल, याची खात्री राहत नाही.

एका पद्धतीतून दुसरीत भाषांतर करणाऱ्या लायब्ररीला मजकुराचा निदान प्राथमिक पदच्छेद करावा लागतो, कारण अवतरणातील किंवा टिप्पणीतील प्रश्नचिन्ह हा स्थानधारक नसतो. भाषेतील इतर चिन्हांशीही संघर्ष होतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जेसनबी प्रकारासाठी प्रश्नचिन्ह हे कारकचिन्ह आहे. म्हणून त्याच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये ते?? असे दुहेरी लिहावे लागते. त्याच डेटाबेसमधील प्रकारांतराचे :: हे चिन्ह नावांच्या पद्धतीशी गोंधळ करू शकते. टक्केचिन्हाच्या शैलीत, प्राचले दिलेली असताना, खरे टक्केचिन्ह दोनदा लिहावे लागते.

## खरी आणि अनुकरणात्मक बांधणी

बाहेरून प्राचलयुक्त दिसणारी प्रत्येक लायब्ररी मूल्ये स्वतंत्रपणे पाठवतेच असे नाही. काही लायब्ऱ्या क्लायंटच्या बाजूलाच मूल्यांतील विशेष चिन्हे निष्प्रभ करून ती मजकुरात घालतात आणि पूर्ण विधान सर्व्हरला पाठवतात. पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर मूळ मांडणीत असेच अनुकरण करतो; हे वर्तन बदलता येते. पायथॉनमधील सायकोपीजी २ ही लायब्ररी क्लायंटकडे मूल्ये घालते, तर सायकोपीजी ३ मध्ये सर्व्हरकडील बांधणी हा नेहमीचा मार्ग आहे.

हाताने मजकूर जोडण्यापेक्षा अनुकरण पुष्कळ सुरक्षित असते. मात्र त्यातील हमी वेगळ्या स्वरूपाची आहे. लायब्ररीला सर्व्हरची वर्णसंकेतन पद्धत नेमकी ठाऊक असावी लागते. जीबीके या चिनी संकेतनात याचे प्रसिद्ध उदाहरण सापडते. हल्लेखोर बीएफ आणि २७ ही षोडशमान बाइटे पाठवतो. त्यांतील २७ हे अवतरणचिन्ह असल्याने संकेतन न पाहणारे फलन त्याच्या आधी ५सी, म्हणजे उलटी तिरपी रेघ, घालते. परंतु जीबीकेमध्ये बीएफ आणि ५सी मिळून एक वैध अक्षर होते. रेघ त्या अक्षरात गडप होते आणि अवतरणचिन्ह मोकळे राहते. यूटीएफ-८ मध्ये असा संकर होत नाही. उदाहरणार्थ, देवनागरीचे प्रत्येक संकेतचिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांपैकी एकही बाइट अवतरणचिन्हाच्या किंवा तिरप्या रेघेच्या बाइटाशी जुळत नाही.

## मर्यादा

स्थानधारक केवळ मूल्याची जागा घेऊ शकतो. तक्त्याचे नाव, स्तंभाचे नाव, क्रमवारी चढती की उतरती हा शब्द किंवा एखादा कारक प्राचल म्हणून देता येत नाही, कारण त्यांच्याशिवाय व्याकरणवृक्ष व योजना पूर्ण होत नाहीत. स्तंभाच्या जागी मजकूर बांधल्यास डेटाबेस त्याला स्थिर मूल्य समजतो. 'ऑर्डर बाय ?' असे लिहून स्तंभाचे नाव बांधले, तर काही डेटाबेस त्रुटी न देता विधान स्वीकारतात, पण ओळी त्या स्तंभानुसार लागत नाहीत. अशा ठिकाणी वापरकर्त्याची निवड आधी ठरवलेल्या यादीशी पडताळून मजकूर प्रोग्राममधूनच घेणे हा रूढ उपाय आहे.

मूल्यांची यादी ही दुसरी अडचण होय. 'इन' या कारकात जितकी मूल्ये तितके स्थानधारक लागतात. त्यामुळे यादीच्या लांबीनुसार विधानाचा मजकूर बदलतो आणि रिकाम्या यादीसाठी अनेक डेटाबेसमध्ये व्याकरणशुद्ध रूपच उरत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये संपूर्ण सरणी एकच प्राचल म्हणून देऊन 'एनी' हे रूप वापरता येते. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ च्या आवृत्तीपासून तक्तारूपी प्राचलाची सोय आहे. प्राचलांच्या संख्येलाही सीमा असते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या संदेशात ती ६५,५३५ आहे, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये २,१००, तर एसक्यूलाइटमध्ये पूर्वनिर्धारित सीमा ९९९ होती आणि २०२० सालच्या ३.३२ आवृत्तीपासून ती ३२,७६६ झाली. अनेक ओळी एकदम भरताना ही सीमा अनपेक्षितपणे आड येते.

'लाइक' कारकाच्या नमुन्यात टक्केचिन्ह व अधोरेषा यांना विशेष अर्थ असतो. बांधणीमुळे इंजेक्शन टळले, तरी वापरकर्त्याने टंकित केलेले टक्केचिन्ह 'कोणताही मजकूर' असाच अर्थ देते. ते वेगळे निष्प्रभ करावे लागते.

बांधणीची हमी त्या एका विधानापुरतीच असते. सुरक्षितपणे साठवलेला मजकूर पुढे दुसऱ्या प्रोग्रामने वाचून मजकूर जोडण्याच्या पद्धतीने वापरला, तर हल्ला तेव्हा यशस्वी होतो. याला द्वितीय क्रमाचे इंजेक्शन म्हणतात. स्टोअर्ड प्रोसिजरला प्राचल सुरक्षितपणे दिले, पण तिने आतमध्ये ते जोडून गतिक विधान रचले, तरीही हीच गत होते.

## कार्यक्षमता

एकच विधान अनेकदा चालवायचे असेल, तर पदच्छेद व योजना यांचा खर्च एकदाच करता येतो. ओरॅकलमध्ये विधानांची योजना सामाईक स्मृतीत ठेवली जाते. प्रत्येक वेळी मूल्य मजकुरात घातल्यास प्रत्येक विधान नवे ठरते, पदच्छेदाचे काम वाढते आणि ही स्मृती क्वचितच पुन्हा लागणाऱ्या विधानांनी भरून जाते. याउलट, एकदाच चालणाऱ्या विधानासाठी तयारीची स्वतंत्र फेरी केल्यास वेळ वाढतो. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलचा जेडीबीसी ड्रायव्हर पूर्वनिर्धारित मांडणीत एकच विधान-वस्तू पाचव्यांदा चालवली जाईपर्यंत सर्व्हरवर नामांकित पूर्वसिद्ध विधान तयार करत नाही.

योजनेच्या पुनर्वापराचा तोटाही संभवतो. एखाद्या तक्त्यातील बहुतेक मागण्या 'पूर्ण' आणि मोजक्याच 'प्रलंबित' असतील, तर दुसऱ्या मूल्यासाठी सूची वापरणे लाभाचे ठरते, पहिल्यासाठी संपूर्ण तक्ता वाचणे. मूल्य न पाहता केलेली योजना दोहोंपैकी एकाला गैरसोयीची ठरते. ओरॅकलने ९आय आवृत्तीत पहिले मूल्य पाहून योजना करण्याची आणि ११जी आवृत्तीत मूल्यांनुसार अनेक योजना राखण्याची सोय केली. पोस्टग्रेएसक्यूएल पहिल्या पाच वेळा मूल्यानुसार योजना करतो आणि त्यानंतर सर्वसाधारण योजनेचा अंदाजित खर्च त्यांच्याशी ताडून निर्णय घेतो. मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमध्ये पहिल्या मूल्यावर बेतलेली योजना पुढील मूल्यांना मारक ठरण्याच्या समस्येला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात.

पूर्वसिद्ध विधान बहुधा एका जोडणीपुरते जिवंत असते. अनेक क्लायंटांत जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ असेल, तर एका जोडणीवर तयार केलेले विधान दुसरीवर सापडत नाही. पीजीबाउन्सर या मध्यस्थाने व्यवहारागणिक वाटपाच्या पद्धतीत संदेशवहनातील पूर्वसिद्ध विधानांना आधार दिला, तो २०२३ सालच्या १.२१ आवृत्तीत.

## सुरक्षेतील महत्त्व

ओवॅस्प या संस्थेच्या संकेतस्थळसुरक्षेतील दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत इंजेक्शन हा वर्ग २०१०, २०१३ आणि २०१७ मध्ये पहिल्या क्रमांकावर होता. २०२१ मध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर आला. उपाय अनेक दशकांपासून ठाऊक असूनही या दोषामुळे मोठी हानी झाली आहे. अमेरिकेतील हार्टलँड पेमेंट सिस्टिम्स आणि इतर कंपन्यांतून १३ कोटींहून अधिक पतपत्रांचे क्रमांक चोरीस गेल्याचा आरोप २००९ मध्ये ठेवण्यात आला. त्या चोरीची सुरुवात एसक्यूएल इंजेक्शनने झाली होती. सूत्रधार आल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ऑक्टोबर २०१५ मध्ये टॉकटॉक या ब्रिटिश दूरसंचार कंपनीच्या १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती याच मार्गाने उघड झाली. दोष असलेली पृष्ठे २००९ मध्ये विकत घेतलेल्या व्यवसायाबरोबर कंपनीकडे आली होती. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०१६ मध्ये कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड ठोठावला. २०२३ मध्ये मूव्हइट ट्रान्सफर या धारिका-देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरमधील एसक्यूएल इंजेक्शनचा गैरफायदा क्लॉप या खंडणीखोर टोळीने घेतला आणि अनेक देशांतील संस्थांची माहिती चोरली.

## नवे प्रवाह

प्रोग्रामर मजकूर जोडण्याकडे वळतो, त्याचे एक कारण सुवाच्यता हे आहे: मूल्य जेथे लागते तेथेच लिहिलेले असते. ही सुवाच्यता राखून बांधणी साधण्याचा प्रयत्न अलीकडील भाषांत दिसतो. २०१५ च्या ईसीएमएस्क्रिप्ट मानकातील टॅग्ड टेम्प्लेटमध्ये मजकुराचे तुकडे आणि मधली मूल्ये लायब्ररीला वेगवेगळी मिळतात. वर वर्णिलेली तुकड्यांची माळ त्यातून थेट तयार होते. सी शार्पमध्ये फॉर्मॅटेबलस्ट्रिंग या प्रकाराने आणि २०२५ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१४ मध्ये टी-स्ट्रिंगने हीच सोय केली आहे.

या पद्धतीत एक धोका उरतो. सुरक्षित रूप आणि मजकूर जोडणारे रूप दिसायला जवळजवळ सारखे असते. पायथॉनमध्ये दोहोंत केवळ आरंभीच्या टी व एफ या अक्षरांचा फरक आहे. म्हणून लायब्ररीने साधा मजकूर स्वीकारूच नये आणि केवळ विधानाचा स्वतंत्र प्रकार स्वीकारावा, असा उपाय योजला जातो. पायथॉनच्या ३.११ आवृत्तीतील लिटरलस्ट्रिंग हा प्रकार याच हेतूने आला. प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष लिहिलेला मजकूर आणि बाहेरून आलेला मजकूर यांतील फरक त्यामुळे प्रकार-तपासनिसाला ओळखता येतो. रस्ट भाषेतील एसक्यूएलएक्स ही लायब्ररी एक पाऊल पुढे जाऊन, प्रोग्रामच्या संकलनाच्या वेळीच डेटाबेसकडून विधान व प्राचलांचे प्रकार तपासून घेऊ शकते. सिस्टिम आरमध्ये विधानांची तपासणी प्रोग्राम चालण्यापूर्वी होत असे. या लायब्ररीत ती पुन्हा त्याच टप्प्यावर आली आहे.

## हे सुद्धा पहा

- एसक्यूएल
- एसक्यूएल इंजेक्शन
- डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली
- वर्णसंकेतन